उसने डोळे

१

दोष वडिलांचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे त्यांच्या मुलाचं, अर्ध्याचं, नाव येणार आहे आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात शेवटचं नावच राहतं. पण जन्मभर ते काम केलं वडिलांनी. माहीत असून केलं, वर लोकांकडून शाबासकी घेत केलं.

धंदा गेलेल्या माणसांच्या तसबिरी काढून द्यायचा. लोक जिवंतपणी माणसाचा एक धड फोटो काढत नाहीत आणि गेल्यावर वडिलांकडे धावत येतात. कुणाकडे समारंभाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा, कुणाकडे ओळखपत्रावरचा, अर्ध्या हनुवटीवर शिक्का बसलेला. वडील त्याची मोठी फिल्म करून घेत, ती लाइटबॉक्सवर ठेवत, वर जाड कागद पसरत आणि खालून झिरपणाऱ्या उजेडात पेन्सिलीने रेषा उचलत. मग शिशाची भुकटी, कापसाचा बोळा, मऊ ब्रश. तसबीर तयार.

लाइटबॉक्स म्हटलं की हल्ली लोकांना दुकानावरची झगझगीत पाटी आठवते. डॉक्टरकडे एक्स-रे अडकवतात तोही लाइटबॉक्स. संगणकावर एखाद्या फोटोला बोट लावलं की मागचं सगळं काळवंडतं आणि तो एकटाच मोठा होऊन पुढे येतो, त्यालाही म्हणे हाच शब्द आहे. अर्ध्याच्या घरातला मात्र साधा होता. लाकडी पेटी, आत दोन ट्यूब, वर दुधी काच. काचेच्या एका कोपऱ्याला वडिलांच्या मनगटाने घासून घासून खळगा पडल्यासारखा झाला होता. खोलीला काळा पडदा. दुपारी बारा वाजतासुद्धा तिथे दिवस नसे, फक्त पेटी.

वडिलांचं नाव झालं होतं ते डोळ्यांसाठी. लोकांनी आणलेल्या फोटोंत डोळे बरेचदा मिटलेले असत. फ्लॅशने पापणी पडलेली, नाहीतर फोटो थेट दवाखान्याच्या खाटेवरचाच. वडील तो फोटो हातात धरून, चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे बघत एकच वाक्य म्हणत: "काळजी करू नका, मी डोळे उघडून देतो."

आणि देत. माणसं तसबिरीसमोर उभी राहून रडत आणि म्हणत, अगदी बघतेय हो माझ्याकडे.

२

अर्ध्या हे नाव वडिलांनीच पाडलं. लहानपणी तो चित्र अर्धं टाकून उठे म्हणून. पुढे त्याने चित्रकलेचं कॉलेजही दुसऱ्या वर्षात सोडलं आणि नाव गल्लीभर झालं. कॉलेज का सोडलं हे त्याने कुणाला सांगितलं नाही. तिथले सर त्याची चित्रं वर्गासमोर धरून म्हणाले होते की याचे चेहरे कपड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखे असतात, सगळं जागेवर आणि आत कुणी नाही. वर्ग हसला. अर्ध्याही हसला, आणि त्या हसण्याची त्याला जास्त लाज वाटली.

घरी परत आल्यावर वडिलांनी त्याला पेटीशी बसवलं. कान, केस, कॉलर काढायला. डोळ्यांना हात लावायचा नाही. डोळ्यांची वेळ आली की वडील त्याला बाहेर जायला सांगत, आणि अर्ध्याला वाटे म्हातारा आपली विद्या लपवतोय. एकदा तो गेलाच नाही. वडिलांनी खणातून पाकीट काढलं, पाकिटातून बोटभर रुंद फिल्मची पट्टी काढली आणि तसबिरीच्या कागदाखाली सरकवली. पट्टीवर फक्त डोळे होते. भुवईपासून गालाच्या वरच्या हाडापर्यंत, पुढे कात्रीने सरळ कापलेलं.

फिल्मवर सगळं उलटं दिसतं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. तरी त्याने ओळखलं. डाव्या भुवईत केस नसलेली बारीक फट होती.

"हे आईचे डोळे आहेत," अर्ध्या म्हणाला.

"मग कुणाचे असणार? शेजारणीचे?"

"सगळ्यांना आईचेच लावता?"

"बायकांना आईचेच." वडिलांची पेन्सिल थांबली नव्हती. "पुरुषांना तेच, भुवया जाड करतो."

लग्न नवं असताना हौसेने काढलेला फोटो होता. बाकीचा चेहरा कुठे गेला म्हणून विचारलं तर वडील म्हणाले, जागा अडवत होता. अर्ध्या बाहेर आला. ओट्याशी आई पाठमोरी उभी होती. तिच्याकडे बघताना त्याला अशी शरम वाटली, जणू तिचं कपाट कुणी भर रस्त्यात उपडं केलं आहे, येणारे-जाणारे तिच्या वस्तू हातात घेऊन बघताहेत आणि तिला त्याचा पत्ता नाही.

पत्ता नाही, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

३

आईची नजर कमी होत चालली होती हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटे आणि दाराची माफी मागितल्यासारखी हसे. सुईत दोरा ओवायला अर्ध्याला हाक मारे. वडील म्हणत, वय झालं. ती पन्नाशीतही नव्हती.

अर्ध्याने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने आत दिवा मारून पाहिलं, मग मेंदूचे फोटो काढून आणायला सांगितले. ते भिंतीवरच्या लाइटबॉक्सला अडकवून तो बराच वेळ बघत राहिला. पडदा स्वच्छ, नस चांगली, डोक्यात काही नाही. त्याने आईला विचारलं, समोर अंधार येतो का? धुरकट दिसतं?

"नाही हो," आई म्हणाली. "दिसतं चांगलं. पण नेहमी इथलंच दिसतं असं नाही."

डॉक्टर हसला आणि त्याने झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

त्याच आठवड्यात तिघं जेवायला बसलेली असताना आई मान वर करून म्हणाली, "तो पंखा जरा हळू करा. त्याचं ते निळं पातं सारखं डोळ्यांसमोरून जातंय."

त्यांच्या स्वयंपाकघरात पंखा नव्हता. छताला पंख्याचा हुकसुद्धा नव्हता. अर्ध्याने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी विचारायला हवं होतं, कुठला पंखा? कुणीही विचारलं असतं. त्यांनी मान आणखी खाली घातली आणि ते भराभरा जेवू लागले.

४

अर्ध्याने स्वतःला समजावलं. आई गोळ्या घेते, गुंगीत काही बोलते. डोळे थकले की रंग तरळतात, हे कुठेतरी वाचलेलं आठवलं. पण तरळणारे रंग पंख्याला लागून फिरत नाहीत, हेही त्याला कळत होतं.

मग घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचा निरोप आला. बायकोच्या तसबिरीची काच तडकली आहे, बदलून द्या. वडिलांनी अर्ध्याला पाठवलं. एका खोलीचं घर, भिंतभर घड्याळं आणि एकाचीही वेळ दुसऱ्याशी जुळत नव्हती. म्हातारा म्हणाला, गिऱ्हाइकांची आहेत, माझी वेळ मला पोटावरून कळते. अर्ध्या हसला, स्टुलावर चढला आणि तसबिरीला हात घालण्याआधी त्याने सहज मागे वळून पाहिलं.

छताचा पंखा फिरत होता. दोन पाती पिवळट, एक निळं. मोडलं म्हणून दुसऱ्या पंख्याचं बसवलं, म्हातारा म्हणाला, सावकाश फिरवला की काही होत नाही.

अर्ध्याने पुढे पाहिलं. त्याच्या नाकासमोर एका अनोळखी म्हातारीचा चेहरा होता आणि त्यात आईचे डोळे. तडा नेमका कपाळावरून गेला होता. तो बघत राहिला. तसबिरीत काही हललं नाही. हे पुन्हा सांगायला हवं, काही हललं नाही. तरी त्याला वाटलं आपण कुणाच्या तरी फार जवळ उभे आहोत, श्वास लागेल इतके, आणि समोरचं माणूस भिडेखातर काही बोलत नाहीये. त्याने घाईघाईने काच बसवली आणि तो घरी आला.

आई खिडकीशी तांदूळ निवडत बसली होती. नजर ताटाकडे नव्हती. बोटंच काम करत होती.

"लोकांकडे जाताना शर्टाची बटणं तरी नीट लावावीत रे," ती म्हणाली. "एक घर सोडून लावली होतीस. आणि तोंड का असं झालं होतं तुझं? घाबरलास मला?"

अर्ध्याने खाली पाहिलं. बटणं एक घर सोडून लागली होती.

५

त्याने काळा पडदा ओढून फाडलाच. वडील पेटीवर वाकलेले होते. एकदम उजेड आल्यावर त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि त्या क्षणी ते चोरासारखे दिसले, असं अर्ध्याला वाटलं. त्याचा आवाज चढला. बटणं, पंखा, सगळं त्याने एका दमात ओकून टाकलं आणि वाट बघत राहिला की वडील आता त्याला वेड्यात काढतील. त्याला तेच हवं होतं. बापाने एक थोबाडीत मारावी आणि म्हणावं की मूर्ख आहेस.

वडिलांनी ब्रश झटकला.

"पहिल्या तसबिरीपासून सांगतेय ती," ते म्हणाले. "कुणाच्या अंगणातली सायकल दिसली, कुणाचं पोर पलंगाखाली लपलेलं दिसलं. तेव्हा गंमत वाटायची तिला. घरबसल्या गावभर हिंडते म्हणायची."

"आणि नंतर?"

"नंतर काय? घरातलं थोडं कमी दिसतं. तेवढं चालतं."

"कुणाला चालतं?"

वडिलांनी कागदावरची भुकटी फुंकली. मग अर्ध्याला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले की लोक या डोळ्यांसाठी म्हणून लांबून येतात, दुसरे डोळे लावून पाहिले होते, नाही जमत, मेलेले दिसतात. हे सांगताना त्यांचा चेहरा पडला, पण लाजेने नाही. आपली कारागिरी उघडी पडली म्हणून. तीस वर्षांत या माणसाने स्वतःहून एक जोडी डोळे काढलेले नव्हते. अर्ध्याला दम भरताना, कॉलेजवरून टोमणे मारताना, सगळ्या गल्लीत तोऱ्याने चालताना हे त्यांना माहीत होतं.

अर्ध्या म्हणाला, यापुढे ती पट्टी पेटीवर ठेवायची नाही.

"मग डोळे तू काढ," वडील म्हणाले. "बघू दे दीड वर्षाचं शिक्षण."

संध्याकाळी त्याने आईला सांगितलं की आता नवीन तसबीर नाही. तिने ऐकलं, जरा वेळ बांगड्या मागेपुढे केल्या.

"मग मला आता नवीन कुणाकडे जावं लागणार नाही ना?" तिने विचारलं. "उरलंय तेवढं इथलंच राहू दे. सकाळी खिडकीत उजेड असला की तू दिसतोस मला. पुसट दिसतोस, पण तूच असतोस."

अर्ध्या म्हणाला, नाही जावं लागणार.

६

एक बाई आल्या. परगावच्या, एका इस्पितळात परिचारिका. त्यांची धाकटी बहीण गेली होती आणि फोटो एकच होता, त्यातही ती उन्हाकडे तोंड करून डोळे मिटून हसत होती. चेहऱ्यावरचं हसू तेवढं ठेवा, बाई म्हणाल्या, आणि डोळे उघडून द्या. इथे देतात असं ऐकलंय.

वडिलांनी अर्ध्याकडे बोट दाखवलं आणि ते आतल्या खोलीत जाऊन बसले.

अर्ध्याने जीव ओतला. गाल, ओठ, कानामागची बट, सगळं फोटोवरून उचललं. डोळे त्याने आरशात स्वतःचे बघून काढले, पुसले, पुन्हा काढले. बुबुळ, पापणी, उजेडाचा ठिपका, सगळं जागेवर होतं. ठरल्या दिवशी बाई आल्या. तसबिरीसमोर उभ्या राहिल्या, जवळ गेल्या, मागे आल्या. भल्या बाई होत्या, त्याला दुखवायचं नव्हतं त्यांना.

"हात चांगला आहे हो तुमचा," त्या म्हणाल्या. "पण ही ती नाही. ही कुणीच नाही."

आतल्या खोलीत वडील खोकले. नुसते खोकले. अर्ध्याच्या कानांत सगळा वर्ग हसला.

तो म्हणाला, उद्या दुपारी या, एक हात फिरवायचा राहिलाय. आपण काय बोललो हे त्याला बोलून झाल्यावर कळलं, आणि कळल्यावरही त्याने ते परत घेतलं नाही. रात्रभर तो मनाशी वकिली करत राहिला. एवढी एकच, हलक्या हाताने. आई उद्यापासून अंधारात बसेल असं थोडंच आहे, वडिलांनी इतक्या काढल्या. खरं तर वडिलांनी इतक्या काढल्या म्हणूनच भीती होती, आणि हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर त्याने बाहेरच्या खोलीतल्या कपाटात टाकून दिलेलं पाकीट आणून उघडलं.

पट्टी काचेवर ठेवली, वर आधीचे डोळे पुसलेला तसबिरीचा कागद ठेवला. उजेड खालून आला आणि डोळे कागदातून वर आले. एरवी फिल्मवरची नजर सरळ असते, ज्याने फोटो काढला त्याच्याकडे. ती आज किंचित डावीकडे होती, जिथे तो बसला होता. कागद सरकला असेल, तो मनाशी म्हणाला. त्याने कागद नीट केला. मग पेन्सिल टेकवली, आणि हात आपोआप चालायला लागला, इतका सोपा की त्याला रडू यावं. पहिला डोळा झाला. दुसऱ्याची खालची पापणी, बुबुळ, मग ठिपका सोडायची ती इवलीशी कोरी जागा.

पेटीतल्या ट्यूब घरघरल्या. कागदाखाली काहीतरी मिटल्यासारखं झालं, जसं एखादं कंटाळलेलं माणूस समोरच्याचं बोलणं संपण्याआधीच डोळे मिटून घेतं. त्याने कागद उचलला.

पट्टीवर भुवया होत्या, डाव्या भुवईतली फट होती. डोळे मिटलेले होते.

भर सकाळी, खिडकीतून ऊन आत आलेलं असताना, बाहेरच्या खोलीतून आईने विचारलं, "लाइट गेली का रे?"

७

दुपारी बाई आल्या. तसबीर पाहिली आणि खाली बसल्या. मग त्यांनी अर्ध्याचा हात धरला आणि म्हणाल्या, तुम्ही तिला परत आणलंत. वडील दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी पोराच्या खांद्यावर थोपटलं, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि अर्ध्याला बरं वाटलं. भिंतीपलीकडे आई हात पुढे करून माठ शोधत होती, पेला कुठेतरी आपटला ते ऐकू आलं, आणि याला बरं वाटत होतं. पुढे जे काही झालं त्यातलं त्याला सगळ्यात जास्त काय खातं, तर ते बरं वाटणं.

आई रडली नाही, रागावली नाही. कुणी काय केलं हे तिने विचारलंही नाही. त्याला दोन शब्द ऐकवले असते तरी त्याने उपकार मानले असते. ती फक्त सांगत राही, पूर्वीसारखं, पण आता एकाच जागेचं. बाई बसमध्ये आहेत, मांडीवर धरलंय. खोली लहान आहे, खाटेवर पांढरी चादर. बाई समोर बसून बोलतात, ऐकू काही येत नाही, नुसते ओठ. घड्याळवाल्याचा पंखा गेला, अंगणातली सायकल गेली, सगळी घरं गेली. ही एकच खोली उरली.

काही दिवसांनी ती म्हणाली, "आता त्या माझ्याकडे बघत नाहीत. पाठ करून बसतात."

मग एका दुपारी ती बसल्या जागी ताठ झाली. तिचे हात मांडीवरून उचलले गेले, कुणी काखेत धरून उचलावं तसे. अर्ध्या समोर बसला होता. त्याने ते पाहिलं. मान सावकाश एका बाजूला वळली, खांदे वळले, आणि ती थांबली, तोंड कोपऱ्याकडे करून.

"फिरवलं," ती म्हणाली.

"काय दिसतंय, आई?"

"भिंत. नाकाला लागून आहे. रंगाचे पोपडे आलेत." थोड्या वेळाने ती म्हणाली, "त्यांना सहन होत नसेल रे. सारखं कुणी बघत राहिलं तर होईल का?"

अर्ध्या त्याच संध्याकाळी त्या गावी गेला. इस्पितळात कळलं की बाईंनी नोकरी सोडली. घरमालकाने खोली उघडून दाखवली, ती रिकामी होती. सामान कुठल्या गावी गेलं ते त्याला माहीत नव्हतं. बाईंनी भाडं चुकतं केलं होतं, एवढंच तो परत परत सांगत राहिला. अर्ध्या आणखी दोनदा जाऊन आला. कुणाला काही ठाऊक नव्हतं.

वडिलांनी पेटी झाकून ठेवली आहे. विचारणाऱ्यांना ते सांगतात, बायकोचे डोळे गेले, वय झालं की जातात.

अर्ध्याने तिला तिच्या खिडकीशी बसवलं तर ती बसते, पण थोड्या वेळाने आपोआप भिंतीकडे वळते आणि मग तशीच राहते. जेवताना घास तोंडाशी नेऊन द्यावा लागतो. तिने अर्ध्याला शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, आणि तेव्हा तो पाकीट हातात घेऊन तिच्यासमोरून गेला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं नव्हतं.